न तपासलेले वजन

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे संचालक महाशय, लांबचा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे, विभागातील प्राध्यापकवर्ग, कार्यशाळेतील कारागीर बंधू, विद्यार्थी व विद्यार्थिनी, मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या सौभाग्यवती, आणि जिला निरोप देण्यासाठी, क्षमा असावी, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या प्राध्यापिका बाई, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

प्रथम एक खुलासा. घरी मी बाईंना धाकटी म्हणतो. त्या माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. परंतु घर निराळे आणि सभागृह निराळे. येथे मी त्यांना बाईच म्हणणार आहे. मघाशी मी वर चढत असताना त्या हळूच म्हणाल्या, "दादा, पायरी सांभाळ." हेही वास्तविक सभेच्या शिस्तीला धरून नव्हते.

दुसरा खुलासा माझ्या पात्रतेविषयी. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झालेले आहे. या सभागृहात तसा मी एकटाच असेन. याची मला लाज वाटत नाही. चौथीत माझा पहिला क्रमांक होता, आणि पाचवीत मी कधीही नापास झालो नाही, कारण पाचवीत मी गेलोच नाही. वडिलांच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. तराजू दुरुस्त करणाऱ्याचे डोळे गेले म्हणजे दुकान गेले. तेव्हा त्यांचे डोळे होण्यासाठी मी दुकानात बसलो, तो आज चौसष्ट वर्षे बसलेलो आहे.

निघताना सौभाग्यवतींनी मला बजावले, "तुम्हाला दांडी स्थिर होईपर्यंत बोलायची सवय. तिथं लोक जेवायचे थांबलेले असतील." म्हणून मी भाषण लिहून आणले आहे. आठ पाने आहेत. घाबरू नये, अक्षर मोठे आहे.

संचालक महाशयांनी आत्ताच बाईंच्या कार्याचा आढावा घेतला. फार सुंदर घेतला. मी एकेक वाक्य ऐकत होतो. तळघरातील प्रयोगशाळा उभी राहिली, येथपर्यंत ते आले, आणि पुढच्याच वाक्यात नव्या उपकरणावरील सतरा वर्षांची मोजमापे सुरू झाली. मध्ये दोन वर्षे होती. ती कोठे गेली? ती त्यांनी सद्भावनेने ओलांडली, हे मला समजते. ज्या घरात काही वाईट घडलेले असते, त्या घरी गेल्यावर पाहुणा विशिष्ट खोलीकडे बघत नाही, तसे हे झाले. आज मी त्याच खोलीचे दार उघडण्यासाठी उभा राहिलो आहे. बाईंना याची कल्पना नाही. दादा लहानपणच्या दोन गोष्टी सांगेल आणि खाली बसेल, असे त्या धरून चालल्या आहेत. त्या गोष्टीही सांगतो. कबूल केलेले चुकवायचे नाही.

आमच्या दुकानात तीन प्रकारचे काटे दुरुस्तीला येत. एक सोनाराचा, काचेच्या पेटीतला; त्याच्यापुढे श्वास टाकला तरी तो मान हलवी. दुसरा वाण्याचा, दोन पारड्यांचा. तिसरा वखारीतला, त्याच्यावर लाकडाचे ओंडके चढवीत. बाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या असतील. शाळा सुटली की त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. एके दिवशी त्यांनी वडिलांना विचारले, "बाबा, तुम्ही एकच काटा का नाही करत? मोहरी पण त्याच्यावर आणि ओंडका पण त्याच्यावर."

वडील म्हणाले, "ओंडका तोलणाऱ्याला मोहरी दिसत नाही, बाळ. आणि मोहरीच्या काट्यावर ओंडका ठेवलास, तर काटाच उरत नाही."

बाईंनी आपले दोन तळहात पारड्यांसारखे वरखाली करून पाहिले. मग म्हणाल्या, "आणि ओंडक्याएवढं जड पण मोहरीएवढं लहान असं काही असलं, तर ते कुठल्या काट्यावर?"

वडिलांनी कानस खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. "हिची शाळा सोडवायची नाही," एवढेच ते बोलले.

पुढे तीस-पस्तीस वर्षांनी बाईंनी मला सांगितले की तोच प्रश्न त्या अजून विचारीत आहेत, आणि त्यांच्यासारखे शेकडो लोक ठिकठिकाणी विचारीत आहेत. आता येथील विद्वानांनी क्षणभर कानांवर हात ठेवावेत, कारण मी त्यांचे शास्त्र माझ्या भाषेत सांगणार आहे. जग चालवणारी दोन शास्त्रे आहेत. एक मोठ्यांचे, ग्रहताऱ्यांचे. दुसरे लहानांचे, कणांचे. दोन्ही आपापल्या जागी केसभरही चुकत नाहीत. परंतु जड आणि लहान अशा एकाच वस्तूसमोर दोघांना बसवले, म्हणजे उत्तर येत नाही. बाई म्हणाल्या, "दोन्ही सुना गुणी आहेत, दादा. पण एका चुलीपुढं उभ्या केल्या की भांडी फुटतात."

सौभाग्यवतींनी आतून विचारले, "आणि सासू कोण?"

बाई म्हणाल्या, "तिलाच तर शोधतेय, वहिनी."

हे हसण्यावारी गेले, परंतु खरे तेच आहे. दोघींना एका घरात नांदवणारा एक नियम, तो शोधण्यात बाईंचे आयुष्य गेले. मी एकदा त्यांना विचारलेही होते, "दोन नियम असले तर बिघडलं कुठं? आपल्या दुकानात तीन काटे आहेत. कुणाचं अडलं?"

त्यावर त्या म्हणाल्या, "दादा, आपण चौघं कधी एकत्र जेवलो का रे?"

मी आठवू लागलो. वडील दुकानात लवकर जेवत. त्यांचे झाले की मी, तेही बहुधा उभ्याने, कारण गिऱ्हाईक खोळंबलेले असे. बाईंचा डबा शाळेत. आई सर्वांच्या शेवटी. पुढे बाई वसतिगृहात गेल्या. मी वर्षे चाळून पाहिली. मला एकही दिवस सापडला नाही.

"नाही जेवलो," मी म्हणालो.

"पण एकाच घरातले होतो ना? तसंच आहे ते. सगळे एकाच घरातले आहेत, हे मला आतून माहीत आहे. एकदा फक्त एका पंगतीत बसलेले बघायचेत."

त्या दिवसापासून मी त्यांना 'बिघडलं कुठं' हा प्रश्न विचारलेला नाही.

या पंगतीला न येणारे कोण, तर वजन. म्हणजे जे सर्व वस्तूंना एकमेकींकडे ओढते, ते बळ. आमच्या घराण्याचा धंदाच त्याच्यावर चाललेला. आणि बाई मला सांगतात की सृष्टीतल्या चार मूळ बळांमध्ये ते सर्वांत दुबळे आहे! मला राग आला. त्यांनी टेबलावर एक खिळा ठेवला आणि नखाएवढ्या लोहचुंबकाने तो उचलून दाखवला. "सगळी पृथ्वी खालून ओढतेय, आणि हे एवढंसं जिंकलं. बघ." मी पाहिले. ज्याच्यावर उभा जन्म काढला ते असे हरलेले पाहणे फार सुखाचे नसते.

परंतु काही विचारवंतांचे म्हणणे असे होते की हे दुबळेपण वरवरचे आहे. दोन वस्तू अतिशय जवळ आणल्या, कागदाच्या जाडीहूनही जवळ, तर कदाचित हे बळ आपले खरे रूप दाखवील, हिशोबापेक्षा किंचित जास्त ओढील. आणि ते किंचित जरी दिसले, तरी त्या एका नियमाच्या घराचे दार कोठे आहे हे कळेल. हे पाहायचे म्हणजे काटा हवा. असा काटा बाईंनी या इमारतीच्या तळघरात उभारला. जाड भिंतींची खोली, वरून टांगलेली केसाहून बारीक तार, तारेला आडवी काडी, काडीच्या दोन टोकांना दोन वजने, बाहेरून त्यांच्याजवळ सरकवायची तशीच आणखी दोन, आणि काडीवर इवलासा आरसा. काडी वळली की आरशावरून परतलेल्या प्रकाशाचा ठिपका समोरच्या पट्टीवर सरके. मी तो काटा पाहिला तेव्हा टोपी काढली. माझ्या हातच्या काट्यांपेक्षा चांगला काटा मी तोवर पाहिलेला नव्हता.

ती वजने करंगळीच्या नखाएवढी होती. तीन नामांकित ठिकाणांहून करून आणली, परंतु ती एकमेकांशी बाईंना हवी तशी जुळेनात. अखेर बाई दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "तूच कर. शुद्ध तांबं, दादा. दुसरं काही नको."

मी सात आठवडे घेतले. वजन जुळवण्याची आमची रीत जुनी आहे. वजनाच्या बुडाला बारीक भोक पाडायचे, हलके वाटले तर त्यात मेख ठोकायची, जड वाटले तर मेख घासायची. बाजारातल्या वजनांना मेख शिशाची असते. बाईंच्या वजनांना मी तांब्याचीच केली.

येथे मला आमच्या घरातील एक गुपित उघड करावे लागणार आहे. वडिलांच्या तरुणपणी त्यांचा छाप मारलेली खोटी वजने बाजारात आली. वडिलांची नाचक्की झाली. तेव्हापासून ते प्रत्येक वजनाच्या मेखेखाली दुकानातल्या ऐरणीचा लोखंडी कीस टाकू लागले. एकच कण, खसखशीच्या दाण्याहून लहान. संशय आला तर दोऱ्याला टांगलेली चुंबकाची सुई जवळ न्यायची. सुई वळली तर वजन आपले. वडील म्हणत, "छाप कुणीही मारील. आत काय आहे ते आपण जाणतो." ही गोष्ट दुकानात बसणाऱ्यालाच सांगायची, असा त्यांचा दंडक होता. मला सांगितली. बाईंना कधी सांगितली नाही. त्या मुलगी होत्या आणि शिकत होत्या; त्यांना काय करायची, असे आम्हा दोघांनाही वाटले.

सभाजनहो, बाईंच्या वजनांतही मी तो कण टाकला.

सवयीने पडला असे म्हणालो असतो तर सोपे झाले असते. सवयीने पडला नाही. चिमट्यात कण धरून माझा हात थांबला होता. शुद्ध तांबे म्हणजे तांबे, हे चौथीतल्या मुलालाही समजते. परंतु माझ्या मनात असे आले की ज्या काट्यावर साऱ्या सृष्टीचा एकच नियम तोलला जाणार, त्या काट्यात आमच्या घराची खूण असावी. निबंधावर माझे नाव येणार नव्हते. ते कोठेच येणार नव्हते. निदान मेखेखाली तरी असावे. एवढ्याशा कणाने काय होणार आहे, असे मी स्वतःला म्हणालो, आणि मेख ठोकली. ज्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'एवढ्याशाने काय होते' असे म्हणू दिले नाही, त्याने.

तळघरात जाणारी प्रत्येक वस्तू तीनदा तपासली जात असे. तार तपासली, काडी तपासली, आरशामागचा डिंकसुद्धा तपासला. माझ्या पुडीवर बाईंनी आपल्या हाताने लिहिले, "दादाचे आहे. तपासायची गरज नाही." कार्यशाळेचे प्रमुख कारागीर येथे बसलेले आहेत. त्यांनी तेव्हा आक्षेप घेतला होता. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "मास्तर, तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही." मास्तर, आपला आक्षेप योग्य होता. मी आज त्याची पोच देतो.

काटा सुरू झाला. अकरा महिने बाई मोजीत होत्या. एका रविवारी त्या दुकानात आल्या. मी त्यांना त्यांच्या लग्नात पाहिले आहे, पदवी घेताना पाहिले आहे. परंतु तसा चेहरा मी पाहिला नव्हता. त्या स्टुलावर बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या.

"दादा, ओढतंय. जवळ नेलं की जास्त ओढतंय. प्रत्येक वेळी."

मी विचारले, "दुसरं काही असेल. हवा असेल. उष्णता असेल."

त्या बोटांवर मोजू लागल्या. हवा काढून टाकली आहे. उष्णता नाही. हादरे नाहीत. वीज नाही. "आणि चुंबकाचं म्हणशील तर त्या खोलीत लोखंडाचा कणसुद्धा नाही."

माझ्या हातात वाण्याचे पारडे होते. ते मी खाली ठेवले.

मी त्याच क्षणी बोलायला हवे होते. तोंडही उघडले होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बाबा असायला हवे होते रे." आणि मी तोंड मिटले.

नंतर बाईंनी निबंध पाठवला. तातडीची बाब म्हणून तो आठवड्यातच छापला गेला. दूरदूरची माणसे पत्रे पाठवू लागली. संस्थेत त्यांना विभागाचे प्रमुखपद द्यावयाचे ठरत आले. आणि मग मी एका दुपारी, दोऱ्याला टांगलेली सुई खिशात घालून, तळघरात गेलो. म्हणालो, "धाकटे, वजनांची दुसरी जोडी काढ." दोन जोड्या केल्या होत्या; एक काडीला लावलेली, एक बाहेरून सरकवायची. त्यांनी काढली. मी सुई धरली. सुई वळली.

मी सर्व सांगितले. वडिलांची रीत सांगितली, चिमटा सांगितला, हात थांबला होता तेही सांगितले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते नव्हतं."

"नव्हतं."

आणि मला नव्हे, त्या तारेला म्हटल्यासारख्या त्या म्हणाल्या, "म्हणजे अजून ते कुणी पाहिलेलंच नाही. अजून तिथंच आहे."

मी त्या वेळी रडण्याची अपेक्षा करीत होतो. ओरडण्याची करीत होतो. ज्या माणसाचे ताट हातातून गेले, त्याने असे बोलावे याला काय म्हणायचे, हे मला चौथीत शिकवलेले नाही.

पुढचे आपण जाणता, परंतु चुकीचे जाणता. बाईंनी निबंध मागे घेतला. त्यात लिहिले की वजनांमध्ये अशुद्धी राहून गेली होती, आणि ती माझ्या निष्काळजीपणामुळे राहिली. माझ्या म्हणजे त्यांच्या. मी हात जोडले, की माझे नाव लिही. "तू काय लिहिलं आहेस, ते तुला तरी पटतं का?" असेही विचारले. त्या म्हणाल्या, "तपासायचं माझं काम होतं. मी तपासलं नाही. त्यात खोटं काय आहे?" पुन्हा विषय काढला की म्हणत, "दादा, चहा निवतोय." एकोणीस वर्षे माझा चहा निवतो आहे.

प्रमुखपद दुसऱ्यांना मिळाले. दोन विद्यार्थी सोडून गेले. परिषदांमधून, मी असे ऐकले आहे, कोणाच्या मोजमापात गोंधळ झाला की लोक बाईंचे नाव घेऊन हसत. जिने मोहरीचा आणि ओंडक्याचा प्रश्न सातव्या वर्षी विचारला, तिला लोक निष्काळजी म्हणाले. आणि हा जो निष्काळजीपणा, तो काय होता? तिने या जगात एका माणसाचे वजन न तपासता घेतले, एवढाच होता.

दोन वर्षांनी त्यांनी नवा काटा उभारला. वजने दुसरीकडून करून आणली, आणि योग्य केले. सतरा वर्षे त्या मोजीत राहिल्या. दर वर्षी थोडे अधिक जवळ. दर वर्षी उत्तर तेच: जास्त ओढ नाही. काही नाही. शून्य. प्रमुख पाहुण्यांनी मघाशी सांगितले की इतक्या जवळपर्यंत जुना नियम टिकतो, हे जगाला या तळघराने शिकवले. मी ते लिहून घेतले आहे. परंतु मी त्यांचा भाऊ आहे. दर वर्षीची मोजणी संपली की त्या आमच्याकडे येतात, खिडकीशी बसतात, आणि कोणी येणार म्हणून वाट पाहावी तशा बाहेर बघतात. सौभाग्यवती विचारतात, "आली का तुमची सासू?" त्या म्हणतात, "यंदा नाही, वहिनी. पुढच्या खेपेला." उद्यापासून तळघराची किल्ली दुसऱ्याकडे जाईल. पुढची खेप त्यांची नसेल.

सहा पाने झाली. मी आता मुद्द्यावर येतो.

अध्यक्ष महोदय, आपण म्हणाल, हे घरातले होते, घरात बोलावे. चारचौघांत कशाला? त्याचे कारण आमच्या धंद्याचा नियम आहे. खोटे वजन सापडले तर ते घरी नेऊन वितळवत नाहीत. ज्या बाजारात ते चालले, त्या बाजारात, सर्वांसमोर, घणाने फोडतात. बाईंनी दोष चारचौघांत घेतला आहे. तो चारचौघांतच परत व्हायला हवा.

आणि आता जे सांगणार आहे ते बाईंनाही माहीत नाही.

त्या दिवशी तळघरात बाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता. "दादा, तुझ्या लक्षात कधी आलं?" मी म्हणालो, "काल."

ते खोटे होते. मी आयुष्यात एक खोटे बोललो, ते हे. माझ्या लक्षात त्या रविवारीच आले होते, त्या दुकानात उभ्या असताना. मी तेवीस दिवस गप्प राहिलो. निबंध नवव्या दिवशी पाठवला गेला. आठव्या दिवशी मी बोललो असतो तर मागे घेण्यासारखे काही नसते. कोणी हसले नसते. प्रमुखपद गेले नसते. लोखंडाचा कण ही माझी चूक होती. चूक माणसाची होते. ते तेवीस दिवस ही चूक नव्हे. त्याला दुसरा शब्द आहे आणि तो मला माहीत आहे.

मी का गप्प राहिलो? त्यांचा चेहरा पाहून, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की मलाही ते खरे असावेसे वाटत होते. रोज सकाळी दुकान उघडताना मी स्वतःशी म्हणे, कण लहान आहे, कदाचित ओढ कणाची नसेल, कदाचित खरोखर तीच असेल. दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या त्या मुलीचा तो एक काटा खरोखर सापडला असेल, आणि त्यात आमच्या घराची खूण असेल. बाई, तुम्ही एका गोष्टीची वाट चाळीस वर्षे पाहिलीत. मी तेवीस दिवस पाहिली. इतकी आस मला कधी कशाची लागली नव्हती. तुम्ही ती चाळीस वर्षे कशी सोसलीत, ते मला त्या तेवीस दिवसांत समजले. परंतु समजण्याची किंमत तुम्ही भरलीत, मी नाही.

बाई काही म्हणत आहेत. मागच्यांना ऐकू गेले नसेल, म्हणून मी सांगतो. त्या म्हणाल्या, "तेवीस?"

होय. तेवीस. मोजलेले आहेत.

त्यांनी चष्मा काढला आहे. मी थांबतो.

अध्यक्ष महोदय, त्या म्हणत आहेत, "दादा, आधी पाणी पी." मी पितो. परंतु बाई, मी पाणी प्यायलो म्हणून हा विषय चहासारखा निवणार नाही. नाही, तुम्ही उठू नका. सभेत वक्ता उभा असताना सत्कारमूर्तींनी उठण्याची रीत नाही. धाकटे, बस खाली. माझे दोन परिच्छेद राहिले आहेत.

संचालक महाशय, हा कागद मी आपल्या हाती देतो. यात सर्व हकिगत तारीखवार लिहिली आहे. खाली माझे संपूर्ण नाव, सही, आणि 'तराजू दुरुस्त करणारा' असा धंदा लिहिला आहे. जेथे जेथे बाईंच्या निष्काळजीपणाची नोंद आहे, तेथे तेथे हा कागद जोडावा. माझे नाव शास्त्राच्या निबंधाला लागावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ती आता या रीतीने पुरी करावी. आणि पुढे कधी आढावा घ्याल, तेव्हा त्या दोन वर्षांवरून उडी मारू नये. ती वर्षे बाईंच्या नावावर ठेवून तेथे थांबावे. तळघरात, हातातले सर्व गेल्यावर, 'अजून तिथंच आहे' असे म्हणणारी एक बाई उभी होती. माझ्या मते त्यांच्या सर्व कार्यात तेवढे मोठे दुसरे काही नाही.

बाई, तुम्हाला मी काय देणार? आशीर्वाद देण्याइतका मोठा मी वयाने आहे, पण आज अधिकाराने नाही. क्षमा मागतो, तीही येथेच द्यावी असा आग्रह नाही. तुमचा तो एक नियम तुम्हाला दिसला नाही, याचे मला वाईट वाटते. तो मलाही पाहायचा होता. ज्याच्या नशिबी असेल त्याला तो दिसो, आणि त्याने त्या दिवशी आपली सर्व वजने तपासलेली असोत, घरून आलेलीसुद्धा.

मला येथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल संस्थेचा, इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा, मास्तरांचा, आणि आठवे पान संपेपर्यंत घड्याळाकडे न पाहिल्याबद्दल सौभाग्यवतींचा मी अत्यंत आभारी आहे. वयपरत्वे बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, मानपान राहिला असेल, तर ते सर्वस्वी माझे चुकले आहे. माझी आपणा सर्वांना, आणि व्यासपीठावरील एका व्यक्तीला विशेषकरून, नम्र विनंती आहे, की या खेपेला ती चूक दुसऱ्या कोणी आपल्या अंगावर घेऊ नये.

नमस्कार.